एमआरआय झोपून काढतात, दुखतं चालताना

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पंचवटीत राहणाऱ्या ६६ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेचं हे पत्र. त्यांच्या इच्छेवरून नाव देत नाही. दीड वर्षापासून थोडं चाललं की त्यांच्या दोन्ही पोटऱ्या भरून येतात, मुंग्या येतात, पाय शिशासारखे जड होतात. दोन मिनिटं बसलं की सगळं उतरतं. पूर्वी पंचवटी कारंजावरून रोज संध्याकाळी रामकुंडावर आरतीला त्या चालत जात. आता मालेगाव स्टँड यायच्या आतच टेकावं लागतं. थांबल्याचं कुणाला कळू नये म्हणून त्या दुकानातल्या साड्या बघितल्यासारखं करतात.

एमआरआयमध्ये ‘एल-४ एल-५ ला सिव्हिअर कॅनाल स्टेनोसिस’ आलंय, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी नसांची नळी खूप अरुंद झालीय. मणकाही किंचित पुढे सरकलाय. एका सर्जननी नळी मोकळी करून स्क्रू-रॉड टाकायला सांगितलं. दुसरे म्हणाले, नुसती नळी मोकळी केली तरी पुरे. घरातले म्हणतात, उशीर केला तर पाय जातील. बंगळुरूचा मुलगा म्हणतो, ‘आई, यावर जगभर संशोधन चाललंय, दोन-तीन वर्षं थांब, ऑपरेशनची वेळच येणार नाही.’ एका ठिकाणी स्टेम सेलची इंजेक्शनं दोन लाखांत सांगितली आहेत. अकरा वर्षांपासून त्यांना साखर आहे. प्रश्न असा : नवीन संशोधनाची वाट बघू, की ऑपरेशन आत्ताच उरकून घेऊ? सिंहस्थात त्यांना स्वतःच्या पायांनी रामकुंडावर जायचंय.

उत्तर

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा साड्यांच्या दुकानाशी अडखळले. त्याबद्दल शेवटी लिहिते.

आधी एक सांगून टाकते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, शस्त्रक्रिया करत नाही. माझ्याकडे माणूस येतो तोच व्यायामासाठी, त्यामुळे माझं झुकतं माप त्या बाजूला असणार. तेवढं धरून पुढचं वाचा.

आपल्याकडे कंबर दुखली की ‘मणक्यात गॅप आलाय’ म्हणतात. तुमच्या बाबतीत त्याच्या उलट झालंय, जागा कमी झालीय. मणक्यांच्या पाठीमागच्या नळीतून पायांकडे जाणाऱ्या नसा उतरतात. वयाबरोबर दोन मणक्यांमधली चकती बसते, मागचे सांधे जाड होतात आणि नळीच्या मागच्या भिंतीवरचा पिवळा अस्थिबंध, ज्याला डॉक्टर लिगामेंटम फ्लेवम म्हणतात, तो फुगतो. ताठ उभं राहिलं की हा बंध आत दुमडतो आणि नळी आणखी अरुंद होते. वाकलं, बसलं की तो ताणला जातो आणि नसांना श्वास घ्यायला जागा मिळते.

हे मला पुस्तकापेक्षा दिंडोरीकडच्या एका बाईंनी जास्त नीट शिकवलं. द्राक्षबागेत रोजाने जायच्या. त्या म्हणाल्या, ‘खुरपायला दिवसभर बसवा, काही होत नाही. थिनिंगला, घड विरळ करायला, मांडवाखाली उभी राहिले की घटकाभरात पाय गळतात.’ घरच्यांना तो कामचुकारपणा वाटायचा. मी त्यांना दवाखान्यात भिंतीशी उभं केलं आणि बागेत करतात तसे हात वर, नजर वर करायला सांगितलं. कंबर आपोआप मागे गेली. दोन-तीन मिनिटांत त्या उजव्या पायावरचा भार डाव्यावर, डाव्यावरचा उजव्यावर टाकायला लागल्या. मग स्टुलावर बसवलं, कोपरं गुडघ्यांवर टेकवली. मिनिटभराने त्यांनी स्वतःच पोटरी चाचपली आणि म्हणाल्या, ‘गेलं.’ त्यांचे यजमान दारात उभे राहून हे बघत होते. त्यानंतर त्यांनी कामचुकार हा शब्द काढला नाही.

तुमच्या पत्रातही हेच आहे. भाजी निवडत तासभर बसता, काही होत नाही. घाटाकडे उतरताना त्रास होतो, परत चढताना कमी. उतारावर आपण मागे झुकतो, चढावर पुढे. रक्तवाहिनी तुंबल्यामुळे पोटऱ्या दुखत असत्या तर चढावर जास्त दुखलं असतं आणि नुसतं उभं राहूनही बरं वाटलं असतं. तरी तुम्हाला साखर आहे, म्हणून पावलावरच्या नाड्या तपासून घ्याच. साखरेची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ पण बघा, कारण या गोळीने ते कमी होऊ शकतं आणि त्यानेही पायांना मुंग्या येतात. दोन्ही तपासण्या साध्या आहेत. मोठं ऑपरेशन ठरवलं आणि या दोन राहून गेल्या, असं व्हायला नको.

आता तो ‘सिव्हिअर’ शब्द. घरात त्या शब्दानेच सगळे घाबरलेत असं दिसतंय. एमआरआय झोपवून काढतात आणि तुम्हाला दुखतं चालताना, ही पहिली गोष्ट. दुसरी अशी की १९९० मध्ये अमेरिकेत बोडेन आणि सहकाऱ्यांनी कधीच कंबर न दुखलेल्या ६७ माणसांचे एमआरआय काढले. त्यातल्या साठी ओलांडलेल्यांपैकी २१ टक्के लोकांत स्टेनोसिस दिसला. जपानमधल्या वाकायामा भागात गावोगावच्या माणसांचे एमआरआय काढून मोठा अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांची नळी खूपच अरुंद दिसली, त्यांच्यातल्या जेमतेम १७-१८ टक्क्यांनाच त्रास होता. बाकीच्यांची नळीही तेवढीच अरुंद, पण ती माणसं आपापली कामं करत होती. म्हणजे फोटो जागा किती उरलीय ते सांगतो. तुम्ही किती चालू शकाल हे त्यावरून कळत नाही.

‘पाय जातील’ ही भीती मी हलक्यात घेत नाही, तिचं उत्तर द्यायलाच हवं. कमरेच्या स्टेनोसिसवर २०२२ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्याप्रमाणे, शस्त्रक्रिया न केलेल्यांपैकी तीनेक वर्षांच्या काळात साधारण एक तृतीयांश लोकांना बरं वाटतं, निम्मे आहेत तसेच राहतात आणि १० ते २० टक्क्यांचं दुखणं वाढतं. दुखणं वाढणं आणि एका रात्रीत पाय लुळे पडणं यातही फार अंतर आहे. त्यामुळे सावकाश विचार करायला तुमच्याकडे वेळ आहे.

वेळ नसतो तो प्रसंग मात्र घरातल्या सगळ्यांना पाठ हवा. लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचाचा ताबा गेला, बैठकीच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलता येईना, चप्पल पायातून निसटायला लागली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं. दुसऱ्या दिवशीच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. आणखी एक : हातांनी ब्लाउजची हुकं लागेनाशी झाली, अक्षर बिघडलं, चालताना तोल जायला लागला, तर तो मानेतला स्टेनोसिस असू शकतो. त्याचे नियम वेगळे आहेत. मी खाली जे सबुरीचं लिहितेय ते मानेला लावू नका.

आता चिरंजीवांच्या संशोधनाकडे येते. मुलगा काळजीपोटी रात्री जागून वाचतोय आणि दुवे पाठवतोय, त्याचं मला कौतुक आहे. त्याच्या एकाच गृहीतकाशी माझं जमत नाही. ‘नवीन संशोधन’ म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर नवीन औषध किंवा नवीन यंत्र येतं. पण १९५४ मध्ये नेदरलँड्सच्या हेंक व्हर्बिएस्ट यांनी हे दुखणं नीट वर्णन करून ठेवलं, तेव्हापासूनचं आणि विशेष करून गेल्या वीसेक वर्षांतलं मोठं काम बघितलं तर वारा वेगळ्याच दिशेने वाहतोय. आपण जे सर्रास करत होतो त्यातलं काय केलं नाही तरी चालतं, हे एकेक करून तपासलं जातंय.

कमरेतल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनचं उदाहरण घ्या. २०१४ मध्ये अमेरिकेत ४०० रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना भूल देणाऱ्या औषधासोबत स्टिरॉइड, निम्म्यांना नुसतं भुलीचं औषध. सहा आठवड्यांनी दोन गटांत सांगण्यासारखा फरक जवळजवळ नव्हता. तुम्हाला साखर आहे आणि स्टिरॉइडने ती चढते, तेव्हा ‘एक इंजेक्शन मारून बघू’ कुणी म्हणालं तर हे लक्षात असू द्या. नसांच्या दुखण्यावर देतात त्या प्रेगाबालिनच्या गोळ्यांचंही तसंच. २०१५ च्या एका छोट्या चाचणीत चालताना होणाऱ्या या त्रासावर त्या फारशा उपयोगी पडल्या नाहीत. झोप आणि चक्कर मात्र घरोघरी बघायला मिळते, आणि या वयात चक्कर येऊन पडणं म्हणजे नवं संकट.

शस्त्रक्रियेचं चित्र इतकं सरळ नाही. २००८ मध्ये अमेरिकेतल्या १३ केंद्रांवरच्या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. चिठ्ठी टाकून काहींना ऑपरेशन दिलं होतं, काहींना नाही. पण माणसं चिठ्ठीला जुमानेनात. ‘ऑपरेशन नको’ गटातल्या ४३ टक्के लोकांनी दोन वर्षांत ते करून घेतलं आणि ‘ऑपरेशन’ गटातल्या एक तृतीयांश लोकांनी केलंच नाही. प्रत्यक्ष ज्यांनी केलं त्यांना पहिली काही वर्षं जास्त बरं वाटलं. पुढे आठ वर्षांपर्यंत पाठपुरावा झाला तेव्हा चिठ्ठी टाकलेल्या रुग्णांत चार वर्षांनंतर हा फायदा ओसरत गेला. मग २०१५ मध्ये आणखी एक चाचणी आली : ऑपरेशनला तयार असलेल्या १६९ जणांना एकतर ऑपरेशन, नाहीतर फिजिओथेरपी. दोन वर्षांनी दोन्ही गट सारखेच. पण फिजिओ गटातल्या ५७ टक्क्यांनी दरम्यान ऑपरेशन करून घेतलं होतं. माझ्या व्यवसायातली माणसं पहिलं वाक्य मोठ्याने सांगतात आणि दुसरं गिळतात. मी दोन्ही लिहिलीत. मला त्यातून एवढंच दिसतं की आधी व्यायाम करून बघणाऱ्याचं नुकसान होत नाही आणि ज्याला व्यायाम पुरत नाही त्याने ऑपरेशन करण्यात हार नाही.

तुमचा खरा गुंता स्क्रू-रॉडचा आहे, म्हणून तिथे जरा थांबते. मणका सरकलेला असेल तर तो स्क्रू-रॉडने शेजारच्या मणक्याशी जोडून टाकायचाच, अशी बराच काळ रीत होती. २०१६ मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन चाचण्या आल्या. स्वीडनच्या चाचणीत २४७ रुग्ण होते. नुसती नळी मोकळी केलेले आणि शिवाय मणके जोडलेले, दोघांचे दोन वर्षांनंतरचे निकाल सारखे, आणि ज्यांचा पाच वर्षं पाठपुरावा झाला त्यांचेही तसेच. जोडण्याच्या ऑपरेशनला वेळ जास्त, रक्तस्राव जास्त, खर्च जास्त. अमेरिकेच्या ६६ रुग्णांच्या लहान चाचणीत मात्र मणके जोडलेल्यांची तब्येत थोडी सरस राहिली आणि त्यांना पुन्हा ऑपरेशन कमी वेळा लागलं. मग २०२१ मध्ये नॉर्वेतून खास मणका सरकलेल्या २६७ रुग्णांची चाचणी आली. दोन वर्षांनी पुरेसा आराम पडलेले नुसत्या मोकळ्या करण्याच्या गटात साधारण ७१ टक्के आणि जोडण्याच्या गटात ७३ टक्के.

म्हणजे तुमचे दुसरे सर्जन स्वस्तातलं काही सांगत नाहीयेत. पहिले चूक आहेत असंही मी इथे बसून म्हणणार नाही. उभं राहून, पुढे आणि मागे वाकून काढलेल्या एक्स-रेमध्ये मणका जास्तच हलत असेल तर जोडण्याला कारण असू शकतं. तेव्हा त्यांना सरळ विचारा : ‘डॉक्टर, माझा मणका वाकल्यावर किती हलतो? स्क्रू टाकले नाहीत तर माझ्या बाबतीत काय बिघडेल?’ हे विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं असं समजू नका. चांगला सर्जन फोटो लावून दाखवतो. नुसतंच ‘मी सांगतो ना’ असं उत्तर आलं, तर तिसरं मत घ्यायला हरकत नाही. दुर्बिणीतून, मायक्रोस्कोपखाली, लहान छेदातून अशा पद्धतींच्या जाहिराती खूप दिसतात. नॉर्वेतच ४३७ रुग्णांवर नळी मोकळी करण्याच्या तीन पद्धती ताडून बघितल्या, निकाल सारखेच निघाले. पद्धतीच्या नावापेक्षा त्या सर्जनचा तिच्यावर हात किती बसलाय ते विचारा.

स्टेम सेलवाल्यांकडे जाऊ नका. इथे मी मोघम बोलणार नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांतलं स्टेम सेल प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी सगळा वापर हा संशोधनच मानायचा, उपचार म्हणून तो विकायचा नाही. संशोधन असेल तर त्याची भारतीय क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंद असते, नैतिक समितीची परवानगी असते आणि भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. मुलाला एवढंच काम द्या : त्या दवाखान्याकडून नोंदणी क्रमांक मागायचा. तो मिळाला नाही तर दोन लाख बँकेत राहू द्या.

एका नव्या संशोधनाबद्दल मला खरंच उत्सुकता आहे आणि ते तुमच्याशी जोडलेलं असू शकतं. पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की सहा वर्षांपूर्वी दोन्ही मनगटांचं कार्पल टनेलचं, म्हणजे मनगटात दबलेली नस मोकळी करण्याचं, ऑपरेशन झालं होतं. स्टेनोसिसच्या ऑपरेशनमध्ये काढलेला तो पिवळा अस्थिबंध सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर वयस्क रुग्णांपैकी बऱ्याच जणांत ट्रान्सथायरेटिन नावाच्या प्रथिनाचे थर साचलेले सापडताहेत. हेच प्रथिन मनगटात साचतं आणि काही लोकांच्या हृदयातही. साखर असलेल्यांना कार्पल टनेल तसंही जास्त होतं, त्यामुळे तुम्हाला हे असेलच असं अजिबात नाही, घाबरू नका. पण तुमच्या फिजिशियनना मनगटं आणि कंबर या दोन्ही गोष्टी एकत्र सांगा. दम लागत असेल, पावलं सुजत असतील तर ईसीजी आणि इको करून घ्या. हाडांचे डॉक्टर कंबर बघतात, हातांचे हात. जोडून सांगायचं काम आपल्यालाच करावं लागतं.

आता उद्यापासून काय करायचं. सगळ्यात आधी योगवर्गातलं भुजंगासन आणि शलभासन थांबवा. कंबर मागे वाकवणारी आसनं तुमची नळी आणखी आवळतात. शिकवणाऱ्या बाईंना हे सांगा, त्यांच्या वर्गात तुमच्यासारख्या आणखी दोघी-तिघी नक्की असतील. ‘ताठ चाल गं’ असं घरचे म्हणतात, त्यांनाही हे पत्र वाचायला द्या. किंचित पुढे झुकून चालणं हे तुमचं औषध आहे. चार चाकांचा वॉकर असेल तर त्यावर रेलून अंतर बरंच वाढतं, आणि मॉलमध्ये ट्रॉली ढकलताना पाय दुखत नाहीत त्याचं कारणही हेच. वॉकरची लाज वाटत असेल तर नेहमीपेक्षा दोन बोटं आखूड काठी घ्या.

व्यायामासाठी घरात एका जागी चालवायची सायकल मला सगळ्यात आवडते. बसून, थोडं पुढे झुकून, नसा न दाबता दम वाढतो. शिवाय पोटाचे आणि कुल्ह्याचे स्नायू बळकट करायचे, पाठीवर झोपून गुडघे छातीशी घ्यायचे. हे सुरू करण्याआधी हाडांची घनता मोजून घ्या, कारण हाडं ठिसूळ असतील तर पुढे वाकण्याचे व्यायाम बेताने आणि कुणाच्या तरी नजरेखालीच करायला हवेत. सुरुवातीला फिजिओकडे जाऊनच करा. २०१९ मध्ये जपानच्या एका चाचणीत ८६ रुग्ण होते. आठवड्यातून दोनदा देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांचं चालण्याचं अंतर सहा आठवड्यांत घरी एकट्याने करणाऱ्यांपेक्षा जास्त वाढलं. शेकच्या पेट्या, ट्रॅक्शन, विजेची यंत्रं यांवर महिनोन्महिने पैसे घालवू नका, हे मी माझ्याच व्यवसायातल्या लोकांबद्दल लिहितेय.

आणि एक वही करा. पहिल्यांदा कुठे बसावं लागलं ते रोज लिहा. कारंजापासून कितवं दुकान, कितवा खांब. सहा ते बारा आठवडे मन लावून केल्यावर ती वही घेऊन सर्जनकडे जा. खुणा पुढे सरकल्या असतील तर ऑपरेशन लांबणीवर टाका. जागच्या जागी असतील किंवा मागे आल्या असतील आणि तुम्हाला हे असं जगणं मंजूर नसेल, तर ऑपरेशन करा, नि:शंक करा. सिंहस्थाची तारीख डोळ्यांसमोर असेल तर त्याच्या आधी बरे होण्यासाठी निदान तीनेक महिने हातात ठेवून ठरवा. गर्दीच्या पर्वणीला तासन्‌तास उभं राहणं मात्र ऑपरेशननंतरही तुमच्या कमरेला मानवणार नाही. पर्वणीच्या आगेमागे एखाद्या निवांत दिवशी जा. निर्णय मुलाचा नाही, घरच्यांचा नाही, माझाही नाही. किती चालायला मिळालं म्हणजे तुम्हाला पुरे, हे फक्त तुम्हालाच ठाऊक आहे.

राहिलं साड्यांचं दुकान. तिथे तुम्ही उभ्या राहता ना, म्हणून पाय लवकर मोकळे होत नाहीत. नुसतं थांबून उपयोग नाही, बसावं लागतं. त्या दुकानदाराला सांगा, ‘दादा, माझी कंबर अशी अशी आहे, रोज दोन मिनिटं बसेन.’ पंचवटीतला माणूस शिक्षिका बाईंना स्टूल देणार नाही असं मला वाटत नाही. त्यावर बसा, कोपरं गुडघ्यांवर टेका, मुंग्या पूर्ण उतरू द्या, मग पुढे निघा. घरी आल्यावर वहीत लिहायला विसरू नका.